कोरोना, नोकरी आणि मनाचा त्रास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पिंपरी-चिंचवड भागात नोकरदार लोकांसाठी समुपदेशनाचं काम करते. कंपनीतले ऑपरेटर, आयटीवाले, बँकवाले, नर्स, रिक्षावाले, सगळेच येतात. २०२० पासून जे प्रश्न परत परत कानावर आले ते इथे एकत्र केलेत. समोर बसून बोलताना जसं सांगते तसंच लिहिलंय, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत.

कोरोना जाऊन इतकी वर्षं झाली, आता हा विषय कशाला उकरून काढायचा?

उकरावा लागतच नाही हो, तो वरवरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० ला महामारी जाहीर केली आणि ५ मे २०२३ ला आणीबाणी संपली असं सांगितलं, पण कागदावर संपलं म्हणून माणसाचं थोडंच संपतं. ऑफिसं उघडली, लोकल सुरू झाली, टार्गेटं परत आली आणि सगळे थेट कामाला जुंपले गेले, मधे कुणी थांबून विचारलंच नाही की बाबा रे, तुझ्या घरी काय झालं, तू कसा आहेस. आजही झोप लागत नाही, उगाच चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही म्हणून लोक येतात आणि बोलता बोलता गोष्ट मागे मागे जात कितीतरी वेळा एप्रिल २०२१ पाशी, म्हणजे दुसऱ्या लाटेपाशी, येऊन थांबते. त्यांनी स्वतः ते जोडलेलंच नसतं.

मला कोरोना झाला नाही, घरातलं कुणी गेलं नाही, नोकरीही टिकली. मग मला कशाला त्रास व्हावा?

हा प्रश्न विचारणारे सगळ्यात जास्त आणि सगळेच जरा अपराध्यासारखे विचारतात, की ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यासमोर माझं काय मोठं. पण महामारीचा ताण आजारापुरता नसतोच. उद्या काय होणार ते कळत नाही आणि आपल्या हातात काही नाही, ही अवस्था आठवडाभर असली तर माणूस निभावून नेतो, पण ती वर्षभर राहिली की शरीर सतत सावध राहायला शिकतं. छातीत धडधड, मान आखडलेली, पोट बिघडलेलं, रात्री तीनला जाग. तुम्ही महिनोन् महिने भाजीची पिशवी धुतली, शेजारी कुणी खोकलं की दचकलात, अॅम्ब्युलन्सचा आवाज गल्लीत थांबतो की पुढे जातो ते ऐकत बसलात. त्याची सवय शरीराला लागली, ती एका दिवसात कशी जाईल?

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं की महामारीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण साधारण २५ टक्क्यांनी वाढलं, तरुण आणि बायका यांच्यात जास्त. म्हणजे तुम्ही एकटे नाही आहात आणि हळवे वगैरे तर अजिबात नाही.

वर्क फ्रॉम होम म्हणजे आरामच होता की, त्यात कसला आलाय ताण?

ज्याच्या घरात वेगळी खोली, दार, टेबल आणि न पडणारं नेट होतं त्याला काही महिने बरं गेलं असेल. पण आपल्याकडे किती घरं अशी आहेत? चिंचवडला वन आरके मध्ये राहणारा एक जण सांगत होता, तो जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचा, आत मुलीची ऑनलाइन शाळा, बायकोचे बँकेचे कॉल, आई आजारी म्हणून पडद्याआड झोपलेली. मीटिंगमध्ये साहेबांनी नाव घेतलं की अनम्यूट करायच्या आधी हा आत बघून हाताने खूण करणार, कुकर बंद कर. कॅमेरा ऑन ठेवायची सक्ती होती म्हणून पाठीमागे चुना उडालेली भिंत दिसू नये असा कोन त्याने शोधून ठेवला होता. दिवसभर हेच. कामाचा ताण वेगळा आणि काम करतोय हे दाखवण्याचा वेगळा.

दुसरं म्हणजे काम संपायचंच नाही. आधी निदान लोकल पकडायची असायची, बस असायची, त्यामुळे निघावं लागायचं. कितीही शिव्या घातल्या तरी त्या प्रवासात ऑफिसातला माणूस घरचा व्हायचा. ते गेलं आणि रात्री साडेदहाला पण "दोन मिनिटं जॉईन हो ना" सुरू झालं. पोर्तुगालने २०२१ मध्ये कायदाच केला की कामाचे तास संपल्यावर मालकाने कामगाराला संपर्क करायचा नाही. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं पण त्याचा काही कायदा झाला नाही. मला विचाराल तर तो व्हायला पाहिजे, कारण एकट्यादुकट्याने साहेबाला नाही म्हणणं मंदीच्या काळात कुणाला परवडत नाही.

व्हिडिओ कॉलने डोकं का शिणतं हेही लोक विचारतात. दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर, सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत असं वाटत राहणं, खुर्चीतून हलता न येणं आणि समोरच्याची देहबोली नीट न दिसल्यामुळे मेंदूला पडणारे जास्तीचे कष्ट. हे खरंच दमवणारं आहे. स्वतःचा चेहरा दिसणारी खिडकी बंद ठेवा, जमेल तिथे साधा फोन करा आणि फोनवर बोलताना चालत राहा.

बायकांना जास्त त्रास झाला असं म्हणतात, ते खरं का?

हो. महामारीच्या आधीच, २०१९ च्या सरकारी पाहणीत दिसलं होतं की घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं. आता त्यावर सगळे दिवसभर घरात, कामवाल्या मावशी येऊ शकत नाहीत, मुलांची शाळा मोबाईलवर, सासूसासऱ्यांची औषधं, आणि शिवाय स्वतःची नोकरी. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी म्हणायच्या की मॅडम, बाथरूममध्ये नळ सोडून रडते, तेवढीच जागा आहे. आणि मावशींचं काय झालं तेही बघा, अनेक सोसायट्यांनी गेट बंद केलं आणि बऱ्याच घरांनी पगारही बंद केला.

ज्या घरात नवरा मारतो त्या घरात तर बाईला बाहेर पडायचं निमित्तच उरलं नाही. तसं काही तुमच्या घरी चालू असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आहे, पोलिसांसाठी ११२.

ज्यांना घरी बसताच आलं नाही त्यांचं काय?

नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगार, बेस्टचे ड्रायव्हर-कंडक्टर, पोलीस, बँकेचे कॅशियर, मेडिकलवाले, डिलिव्हरीची पोरं आणि आशाताई. टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या आणि त्याच लोकांना काही ठिकाणी घरमालकाने खोली सोडा म्हणून सांगितलं. सप्टेंबर २०२० मध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" सुरू झालं तेव्हा आशाताईंनी दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजला, कित्येक दारं तोंडावर बंद झाली, आणि जून २०२१ मध्ये त्यांना मानधनासाठी संपावर जावं लागलं.

यांच्या मनात भीती होतीच पण त्याहून खोल काहीतरी बसलंय. आयसीयूतल्या एका सिस्टरला अजूनही तो दिवस आठवतो जेव्हा बेड एक आणि दारात माणसं तिघं. निर्णय तिने घेतला नव्हता पण नातेवाईकांना सांगायला तीच बाहेर गेली. आपल्याला बरोबर वाटतं ते करताच आलं नाही याची ती जखम असते, आणि ती "तुम्ही तर देवदूत" म्हणून भरत नाही, उलट तसं म्हटल्यावर ती गप्प होते कारण देवदूताने रडायचं नसतं. अशा लोकांना सगळ्यात उपयोग होतो तो सोबत ड्युटी केलेल्यांशी बोलून. चार जणी एकत्र बसल्या, कुणी सुपरवायझर नाही, कुणी लिहून घेत नाही, आणि जे झालं ते तसंच्या तसं बोलल्या, एवढं जरी करता आलं तरी खूप.

नोकरी गेली किंवा पगार कापला, त्याचा मनाशी काय संबंध? पैसे आले की बरं वाटेलच ना?

वाटेल, आणि म्हणूनच मी आधी पैशाचंच विचारते. सीएमआयई या आर्थिक आकडेवारी गोळा करणाऱ्या संस्थेच्या पाहणीनुसार एकट्या एप्रिल २०२० मध्ये देशात सुमारे १२ कोटी लोकांचं काम गेलं, बहुतेक रोजंदारीवाले आणि छोटे धंदेवाले. ज्याचा हप्ता थकलाय त्याला डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या सांगणं मला पटत नाही. त्याच्याशी बसून कर्ज किती, कुणाचं, आधी कुठलं फेडायचं हे कागदावर काढलं की त्या रात्री तो जरा झोपतो, हे मी बघितलंय.

तेव्हा पीएफमधून तीन महिन्यांचा बेसिक-डीए किंवा शिल्लकीच्या ७५ टक्के, यातलं जे कमी ते काढता येत होतं, रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना मार्च ते ऑगस्ट २०२० सवलत दिली होती. पण त्या काळातलं व्याज चालूच राहिलं हे अनेकांना नंतर कळलं आणि तो धक्का वेगळा बसला. ईएसआयसीमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, असलेल्यांना नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळायची सोय होती, किती कामगारांना हे कुणी सांगितलंच नव्हतं! आज नोकरी गेली तर अशी योजना चालू आहे का हे ईएसआयसीच्या शाखेत जाऊन विचारा, लाजू नका, तुमच्याच पगारातून कापलेलं आहे.

आणि हो, पुरुषांसाठी एक. घरी नोकरी गेल्याचं लपवून रोज डबा घेऊन बाहेर पडणारे मी पाहिलेत. घरी सांगा. ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी भांडण झालं तरी पुढचे दिवस हलके गेले असंच बहुतेकांनी सांगितलंय.

आमचे वडील हॉस्पिटलमध्येच गेले, शेवटचं बघताही आलं नाही. मी रडलोच नाही, लगेच कामावर गेलो. आता इतक्या वर्षांनी का त्रास होतोय?

कारण तुम्हाला दुःख करायला कुणी वेळच दिला नाही. आपल्याकडे माणूस गेलं की घर भरतं, शेजारचे पिठलं-भात आणतात, आत्या-मावश्या गळ्यात पडून रडतात, दहाव्याला कावळा शिवेपर्यंत सगळे घाटावर थांबतात, तेराव्याला माणसं जेवून जातात. कुणाची श्रद्धा असो नसो, त्या तेरा दिवसांत माणूस गेलाय हे घराला कळतं. २०२१ मध्ये अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा, घरातले निम्मे क्वारंटाईन, बारावं-तेरावं व्हिडिओ कॉलवर, आणि चौथ्या दिवशी लॉगिन.

भोसरीत वर्कशॉपमध्ये काम करणारे एक दादा आहेत. वडील गेल्यावर हॉस्पिटलने त्यांच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी दिली, चष्मा, मोबाईलचा चार्जर, निम्मी वापरलेली कोलगेट, आधार कार्डाची झेरॉक्स. ती पिशवी त्यांनी गाठ न सोडता माळ्यावर ठेवून दिली. कामावर एक दिवस खाडा नाही. दोन वर्षांनी मुलाने घरात कोलगेटची ट्यूब मधूनच दाबली एवढ्यावरून त्याला मारलं आणि मग स्वतःच घाबरून माझ्याकडे आले. आम्ही बऱ्याच वेळा भेटलो, नुसतं वडिलांबद्दल बोललो, ते काय खायचे, कशाला चिडायचे. मग त्यांनी बहिणीला बोलावून ती पिशवी सोडली, चष्मा बहिणीने नेला. त्यानंतर गावी जाऊन राहिलेलं वर्षश्राद्ध केलं, भाऊबंदांना जेवायला घातलं.

उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही. राहिलेले विधी करा, नसतील करायचे तर फोटो लावून चार माणसं बोलवा आणि त्यांच्या आठवणी काढा. पण सहा महिने-वर्ष उलटूनही गेलेल्या माणसाची ओढ जराही कमी होत नसेल, रोजचं जगणंच अडत असेल, तर तो दीर्घकाळ रेंगाळलेला शोक असतो आणि त्यावर वेगळे उपचार आहेत, तिथे नुसतं "काळ जाऊ दे" पुरत नाही.

कोरोना होऊन गेल्यापासून डोकंच चालत नाही, नावं आठवत नाहीत, लगेच दमायला होतं. हे मनाचं आहे का?

मनाचं म्हणून सोडून देऊ नका. कोरोनानंतर तीन महिन्यांनीही राहिलेली आणि निदान दोन महिने टिकणारी अशी लक्षणं असतील आणि दुसरं कारण सापडत नसेल तर त्याला लाँग कोव्हिड म्हणतात. थकवा, धाप आणि डोक्यावर धुकं बसल्यासारखं होणं ही त्यातली नेहमीची. आधी फिजिशियनकडे जा, हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, बी-१२ तपासून घ्या. त्यासोबत उदास वाटत असेल तर त्याचाही इलाज करा, दोन्ही एकाच वेळी असू शकतं. आणि जिद्दीने दुप्पट काम करून बरं व्हायचा प्रयत्न बहुतेकांना आणखी पाडतो, काम तुकड्यांत करा.

मी फक्त कामाने वैतागलोय की मला डिप्रेशन आलंय, कसं ओळखायचं?

कामाने असं पार वैतागून जाणं म्हणजे बर्नआउट, आणि ते कामाशी बांधलेलं असतं. अंगात जीव राहत नाही, कामाबद्दल तुच्छता वाटायला लागते, आपल्याला काही जमत नाही असं वाटतं. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणी न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणते, म्हणजे दुरुस्ती कामातही व्हायला हवी. डिप्रेशन मात्र सुट्टीतही सोबत येतं. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ उदास वाटतंय, आवडत्या गोष्टीत रस नाही, झोप-भूक बिघडलीये, स्वतःला दोष देणं चालूये, तर डॉक्टरांना दाखवा. गणपतीत मित्र बोलवायला आले आणि तुम्हाला ढोलाचा आवाजही नको झाला, असं काही तुमच्या ओळखीच्या भाषेत तपासून बघा.

कधी कधी वाटतं संपवून टाकावं. कुणाला सांगू?

आत्ता, आजच, कुणालातरी सांगा. टेली-मानस १४४१६ हा सरकारी नंबर आहे, २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जीवाला लगेच धोका असेल तर ११२ किंवा १०८ ला फोन करा नाहीतर जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, आणि तोवर एकटे राहू नका, जवळचं माणूस बोलावून घ्या. पोलीस केस होईल म्हणून घाबरू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणात होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा नाही तर मदत मिळाली पाहिजे असं कायदा सांगतो. आणि तुमच्याजवळ कुणी असं बोललं तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका, सरळ विचारा की जीव द्यायचा विचार येतोय का. विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो.

लॉकडाऊनमध्ये रोजची सवय लागली ती सुटत नाहीये. दारूचं म्हणतोय.

झोपेसाठी म्हणून सुरू होते. पटकन डोळा लागतो खरा पण उत्तररात्री झोप मोडते आणि सकाळची चिंता वाढते, मग संध्याकाळी परत. रोज भरपूर पीत असाल तर एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, डॉक्टरांच्या देखरेखीत सोडा. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय आणि दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या गटाच्या मराठी बैठकाही भरतात.

डॉक्टरकडे गेलं म्हणजे वेडं ठरणार का? जायचं कुणाकडे? गोळ्यांची सवय लागते का?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर १०० प्रौढांमागे १० पेक्षा जास्त जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. हे महामारीच्या आधीचं. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचार शिकलेले डॉक्टर, ते गोळ्या देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. पैसे नसतील तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते, शिवाय येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथे ओपीडीत दाखवून घरी येता येतं, गेलं की ठेवूनच घेतात हा गैरसमज आहे.

डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या मेडिकलमधून परस्पर आणू नका.

कंपनीला कळलं तर? आणि मेडिक्लेममध्ये बसतं का?

तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टर तुमची माहिती कंपनीला देऊ शकत नाहीत, त्याच २०१७ च्या कायद्यात तो हक्क आहे. विम्याचंही तिथेच लिहिलंय, शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही कव्हर द्यायचं, आणि इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२२ मध्ये कंपन्यांना ते लागू करायला परत बजावलं. फक्त बऱ्याच पॉलिसीत अॅडमिट झाल्यावरच पैसे मिळतात, ओपीडीचे नाही, तेव्हा पॉलिसी आधी वाचा. साहेबांना सांगायचं की नाही हे साहेब कसा आहे त्यावर. आजाराचं नाव न घेता "तब्येतीचे उपचार चालू आहेत, दोन महिने नाईट शिफ्ट नको" एवढंही पुरतं.

मी टीम लीडर आहे. माझ्या माणसांसाठी काय करू?

योगा डेचं वेबिनार ठेवू नका, निदान आधी तरी नको. एकेकाला वेगळं बसवून विचारा, घरी कोण आहे, झोप होते का, कामातलं कुठलं ओझं सगळ्यात जड आहे, आणि मग त्यातली एक तरी गोष्ट खरंच बदला. रात्रीचे मेसेज थांबवा. माणूस गेलेल्याला त्याच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी न मागता सुट्टी द्या, ती तारीख तुमच्या डायरीत लिहून ठेवा. "पॉझिटिव्ह राहा" हे वाक्य २०२१ मध्ये रिपोर्टच्या पॉझिटिव्हने इतकं कडू झालंय की मी तर ते वापरायचंच सोडलंय.

परत अशी साथ आली तर?

पुण्याला साथी नव्या नाहीत, १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. पुढेही येतील. तेव्हा आत्ताच काही गोष्टी करून ठेवता येतील. तीन महिन्यांचा खर्च जमत नसेल तर एका महिन्याचा तरी बाजूला. घरातल्या सगळ्यांचे आधार, विमा, औषधांच्या चिठ्ठ्या एका फाईलमध्ये, आणि ती फाईल कुठे आहे हे बायकोला, नवऱ्याला, मोठ्या मुलाला माहीत. बातम्या दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. युनियन किंवा एचआरकडून आजारपणाच्या पगारी रजेचं आत्ताच लेखी घ्या, साथ आल्यावर कुणी देत नाही. आणि दोन अशी माणसं ठरवून ठेवा ज्यांना रोज संध्याकाळी फोन करायचा, एक घरातलं, एक कामावरचं, त्यांनाही आधीच सांगून ठेवा.